कॉर्व्हेट स्टिंग रे, १९६३ : विक्रीच्या जाहिरातीमागचा इतिहास

१९६३ सालची शेवरोले कॉर्व्हेट स्टिंग रे कूपे (बंद टपाची गाडी) अमेरिकेत विक्रीला निघाली की जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात : मागची काच दुभागलेली, इंजिनाचे नंबर गाडीच्या नंबराशी जुळणारे आणि चॅसीवरून बॉडी उतरवून केलेले संपूर्ण रिस्टोरेशन. किंमत याच तीन गोष्टींवर चढते आणि फसवणूकही याच तिन्हींत होते. त्यामुळे गाडी बघायला जाण्यापूर्वी या गोष्टी कुठून आल्या ते माहीत हवे.

कॉर्व्हेट पहिल्यांदा दिसली जानेवारी १९५३ मध्ये, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात, जनरल मोटर्सच्या मोटोरामा प्रदर्शनात. त्याच वर्षी ३० जूनला मिशिगनमधील फ्लिंट येथे उत्पादन सुरू झाले आणि वर्षअखेरपर्यंत ३०० गाड्या निघाल्या. साऱ्या पांढऱ्या, आतून लाल. बॉडी फायबरग्लासची होती, कारण एवढ्या कमी संख्येसाठी पत्रा दाबण्याचे साचे बनवणे परवडणारे नव्हते. दिसायला ती स्पोर्ट्स कार होती, पण आत १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९५५ मध्ये जेमतेम ७०० गाड्या बनल्या आणि मॉडेल बंद पडायच्या बेतात आले. त्याच वर्षी आलेले व्ही-८ इंजिन आणि झोरा आर्कस-डंटोव्ह हा जिद्दी इंजिनिअर यांनी गाडी तगवली. १९५७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आणि चार गिअरचा हाती गिअरबॉक्स मिळाल्यावर ती खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार झाली.

मात्र त्याच १९५७ मध्ये अमेरिकन कार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहायचे ठरवले. डिझाइन विभागाचा प्रमुख बिल मिचेल याने त्यातून वाट काढली : त्याने स्वतःच्या नावावर ‘स्टिंगरे’ नावाची रेसिंग गाडी १९५९ मध्ये उतरवली, शेवरोलेचे नाव कुठेही न लावता. लॅरी शिनोडाने रेखलेल्या त्या गाडीच्या रेषा घेऊनच १९६३ चे मॉडेल घडले. बॉनेटपासून छतावरून थेट शेपटीपर्यंत जाणारा उंचवटा हा मिचेलच्या दृष्टीने डिझाइनचा कणा होता. तो मागच्या काचेवर तोडायला मिचेल तयार नव्हता, म्हणून काच दोन भागांत गेली. मधल्या पट्टीमुळे आरशात मागचे नीट दिसत नाही, ही डंटोव्हची तक्रार रास्त होती. पहिल्या वर्षी मिचेलचे चालले. १९६४ पासून काच एकसंध झाली. म्हणून दुभागलेल्या काचेच्या गाड्या फक्त १०,५९४. त्या वर्षीच्या एकूण २१,५१३ पैकी उरलेल्या १०,९१९ उघड्या टपाच्या होत्या.

यातून एक अडचण उभी राहिली. साठच्या दशकात काही मालकांनी ती पट्टी कापून १९६४ ची अखंड काच बसवली, कारण तेव्हा १९६३ ची गाडी जुनी दिसू लागली होती. पुढे दुभागलेल्या काचेला भाव आल्यावर पट्ट्या परत बसवल्या गेल्या. पट्टीची आतली बाजू हाताने आणि टॉर्चने तपासा. कारखान्यातले पॅनेल दोन्ही बाजूंनी साच्यात दाबलेले असते, त्यामुळे जाडी एकसारखी आणि आतला पृष्ठभागही गुळगुळीत असतो. हाताने रेझिन लावून केलेल्या दुरुस्तीत आतून कापडाची वीण आणि गुठळ्या दिसतात. १९६४ च्या कूपेला पट्टी लावून ती १९६३ ची म्हणून खपवण्याचाही धोका असतो. त्यावर उपाय सोपा आहे : ग्लोव्ह बॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर रिव्हेट केलेली नंबर प्लेट. १९६३ च्या कूपेचा नंबर ३०८३७एस ने सुरू होतो. पहिला ३ वर्षाचा, ३७ कूपेचा, एस सेंट लुईस कारखान्याचा आणि पुढचे सहा अंक १००००१ ते १२१५१३ यांच्या दरम्यान. प्लेटचे रिव्हेट ताजे वाटत असतील तर तिथेच थांबावे. बॉनेटवरच्या दोन खोट्या जाळ्याही फक्त १९६३ च्या. १९६४ मध्ये जाळ्या गेल्या, खाचा राहिल्या.

आता नंबर. १९६३ ला एकच मापाचे इंजिन होते, ३२७ घनइंच म्हणजे ५.४ लिटरचे, पण चार ताकदींत : २५०, ३००, ३४० आणि फ्युएल इंजेक्शनसह ३६० अश्वशक्ती. इंजिन फ्लिंटमध्ये जुळवले जाई आणि गाडी मिसुरीतल्या सेंट लुईसमध्ये. म्हणून इंजिनावर दोन वेळा, दोन ठिकाणी नंबर पंच होत. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर) एक छोटी सपाट जागा आहे, तिथेच दोन्ही असतात. फ्लिंटचा शिक्का एफ, मग महिना आणि दिवस, मग ताकदीची अक्षरे : हाती गिअरबॉक्ससाठी २५० ला आरसी, ३०० ला आरडी, ३४० ला आरई, ३६० ला आरएफ. उदाहरणार्थ एफ०११५आरएफ म्हणजे १५ जानेवारीला जुळवलेले इंजेक्शनचे इंजिन. शेजारी सेंट लुईसचा शिक्का : ३ आणि गाडीच्या नंबरातले शेवटचे सहा अंक. दोन शिक्के वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या साधनांनी मारलेले असल्यामुळे अक्षरांचा आकार, खोली आणि ओळ यांत फरक असणे स्वाभाविक आहे. दोन्ही अगदी सारखे आणि एका रेषेत असतील तर शंका घ्यावी.

खोटे पंचिंग का होते, तेही समजून घ्यायला हवे. या गाड्या जोरात पळवल्या गेल्या, इंजिने फुटली, बदलली. शिवाय ही सपाट जागा हेड बसते त्याच पातळीत आहे. ओव्हरहॉलच्या वेळी गॅरेजने ब्लॉकचे फेसिंग केले (वरचा पृष्ठभाग तासून सपाट केला) की मूळ इंजिनाचेही नंबर पुसले जातात. मग कोणीतरी पुन्हा पंच करतो. कारखान्यात ही पातळी मोठ्या ब्रोचने (सरळ रेषेत कापणाऱ्या दातेरी हत्याराने) कापली जाई, त्यामुळे पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहत. जागा स्वच्छ पुसून बाजूने प्रकाश टाका : रेघा हव्यात. गोल किंवा वाकड्या रेघा म्हणजे नंतरचे काम. याला जोड म्हणून ब्लॉकच्या मागे, बेलहाउसिंगजवळचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाजवळचे) ओतीव अंक बघावेत. ब्लॉकचा ओतीव नंबर ३७८२८७० हवा आणि ओतल्याची तारीख जुळवणीच्या आधीची हवी. ए१५३ म्हणजे १५ जानेवारी १९६३. असा ब्लॉक ‘१० जानेवारीला जुळवला’ असे शिक्का सांगत असेल तर तो शिक्का खोटा.

रिस्टोरेशनचा अर्थही काळाबरोबर बदलला. आधी भर होता तो क्रोमवर आणि जाड चकचकीत रंगावर. १९७३ मध्ये ब्लूमिंग्टनचे कॉर्व्हेट प्रदर्शन सुरू झाले, १९७४ मध्ये नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी स्थापन झाली, आणि गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी असावी हा निकष रुजला. सोसायटीच्या परीक्षणात टॉप फ्लाइट या पुरस्कारासाठी ९४ टक्के गुण लागतात. त्या काळचा रंग अ‍ॅक्रिलिक लॅकर होता, त्यात कारखान्याची खडबड असे. आजचा क्लिअर कोटचा (वर पारदर्शक थर दिलेला) खोल चकाकीचा रंग सुंदर दिसतो आणि गुण घालवतो. मला ही शिस्त योग्य वाटते, कारण तिच्यामुळेच मूळ गाडी कशी होती याची नोंद टिकली.

बॉडी खरोखर उतरवली होती का, हे फायबर पाहून कळत नाही. लोखंड पाहून कळते. फायबर गंजत नाही, पण त्याच्या आत केबिनभोवती पोलादी पिंजरा आहे आणि खाली पोलादी चॅसी. पिंजरा समोरच्या काचेच्या खांबांच्या बुडाशी सडतो, कारण काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी तिथे साचते. चॅसी मागच्या चाकांच्या पुढे, जिथे ती वर वळते तिथे आतून गंजते. छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. काचेच्या खांबाचा सांधा नीट करायचा तर काच, कडेच्या पट्ट्या आणि बऱ्याचदा आजूबाजूचे फायबरही काढावे लागते. त्यामुळे तिथे नुसता काळा रंग फासलेला दिसला तर रिस्टोरेशन वरवरचे आहे.

यांत्रिक बाजूला १९६३ चे मोठे पाऊल म्हणजे स्वतंत्र मागचे सस्पेन्शन : आडवा नऊ पाट्यांचा स्प्रिंग, आणि चाकाला फिरवणारे शाफ्टच वरच्या दांड्याचे कामही करतात. म्हणून शाफ्टचे क्रॉस (टोकाचे फिरते सांधे) झिजले की नुसता आवाज येत नाही, चाकाचा कलही बिघडतो. मागच्या चाकांचे बेअरिंग जागेवर ग्रीस करता येत नाही; स्पिंडल प्रेसवर काढून, शिम (पातळ चकत्या) बदलून प्ले (ढिलेपणा) जुळवावा लागतो. कारखान्याची मर्यादा ०.००१ ते ०.००८ इंच होती. हे काम महागडे असल्याने टाळले जाते. जॅकवर मागचे चाक वर-खाली धरून हलवले की लगेच कळते.

ब्रेक १९६३ आणि १९६४ मध्ये ड्रमचे होते; चारही चाकांना डिस्क १९६५ पासून. १९६३ ला डिस्क बसवलेले असतील तर चालवायला सुरक्षित, परीक्षणात तोटा. त्या डिस्कच्या कॅलिपरमध्ये (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागात) चार पिस्टन असतात आणि ओतीव लोखंडाच्या बोअरला ब्रेक ऑइलने शोषलेल्या ओलाव्याने गंज चढून गळती लागते. स्टेनलेस स्टीलचे स्लीव्ह घातलेले कॅलिपर आहेत का, हे विचारावे. मधोमध एका मोठ्या नटाने बसणारी अ‍ॅल्युमिनियमची चाके १९६३ च्या पर्यायांच्या यादीत होती, पण ओतकामातल्या सच्छिद्रतेमुळे हवा टिकत नव्हती. त्यामुळे १९६३ च्या गाडीवर ती दिसली तर जवळपास नक्कीच नंतर आलेली.

इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक तपास करावा लागतो. रोचेस्टर या जनरल मोटर्सच्या विभागाचे यांत्रिक इंजेक्शन गरम इंजिन पुन्हा सुरू करताना त्रास देई आणि ते जुळवणारे मेकॅनिक थोडे होते. अनेकांनी ते काढून कार्बुरेटर बसवला. १९६५ मध्ये त्याच किमतीच्या जवळपास अर्ध्यात ३९६ घनइंचांचे ४२५ अश्वशक्तीचे इंजिन मिळू लागले, तेव्हा इंजेक्शनच्या फक्त ७७१ गाड्या गेल्या आणि पर्याय बंद झाला. आज सुटे युनिट विकत घेऊन बसवता येते, म्हणून युनिट आहे एवढ्यावर विसंबू नये. ब्लॉकवर आरएफ हवे.

कागदांवरही फार भिस्त ठेवता येत नाही. पेट्रोल टाकीवर चिकटवलेला बांधणीचा कागद १९६७ पासूनच्या गाड्यांत सापडतो आणि वॉरंटी पुस्तिकेतली धातूची पट्टी १९६५ पासून. १९६३ साठी उरतात मालकांच्या जुन्या पावत्या, रिस्टोरेशनपूर्वीचे फोटो आणि परीक्षणाचे गुणपत्रक. विक्रेत्याकडे इंजिनाच्या पंच जागेचा, रंग देण्यापूर्वीचा फोटो आधी मागावा.