अळसियुं, गांडूळ, केंचुआ : गळाच्या किड्याची नावं

बडोद्यातल्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला गांडूळ शाळेच्या पुस्तकात भेटतं आणि अळसियुं अंगणात. माळी कुंडी उपसताना 'अळसियुं'च म्हणतो, आणि पहिल्या पावसानंतर फरशीवर ते वळवळताना दिसलं की मराठी पोरंही तेच नाव घेऊन ओरडतात. १८व्या शतकात गायकवाडांबरोबर इथे आलेल्या मराठीने कारभार, स्वयंपाक आणि नाती आपल्या शब्दांत जपली. माती आणि नदी मात्र आधीपासून राहणाऱ्यांची होती. मासे धरणारे भोई आणि माछी गुजरातीच बोलायचे, त्यामुळे गळाला लावायचा किडाही गुजरातीच राहिला. गंमत अशी की गळ मात्र दोन्हीकडे जवळजवळ तोच आहे : मराठीत गळ, गुजरातीत गल.

जुनी नावं पाहायची तर अमरकोशापासून सुरुवात करावी लागते. तिथे या प्राण्याला महीलता, गण्डूपद आणि किञ्चुलक अशी तीन नावं आहेत. महीलता, म्हणजे जमिनीतली वेल, हे कवीचं नाव, ते पोथीतच राहिलं. उरलेल्या दोन्हींची घराणी अजून नांदती आहेत. मराठी गांडूळ आणि पंजाबी गंडोआ गण्डूपदाच्या गोतातले, तर हिंदी केंचुआ आणि मराठीतला केचवा किञ्चुलकाच्या. गुजराती अळसियुं या दोघांच्याही वंशावळीत बसत नाही, ते वेगळंच उभं आहे. म्हणजे बडोद्याहून दाहोदमार्गे इंदूरला जाणारा माणूस वाटेत हद्द ओलांडतो ती फक्त राज्याची नव्हे, या किड्याच्या नावाचीही.

सुश्रुतसंहितेत तर गांडूळ आणि गळ एकाच समासात सापडतात. शस्त्रक्रियेच्या शलाकांची वर्णनं करताना सुश्रुत त्यांच्या टोकांचे आकार सांगतो : गण्डूपद, सर्पफण, शरपुंख आणि बडिश. बडिश म्हणजे मासे धरायचा गळ. गांडुळाच्या तोंडासारखं बोथट टोक जखमेचा माग घ्यायला, गळासारखं वाकडं टोक आतलं काही ओढून काढायला. दोन्ही वस्तू शिकाऊ वैद्याच्या रोजच्या पाहण्यातल्या असल्याशिवाय असं वर्णन कुणी करणार नाही.

तरीही आपल्या साहित्याने गळाच्या टोकावर नेमकं काय लावतात याकडे फारसं पाहिलं नाही. विषयांना भुललेला जीव आणि आमिषाला भुललेला मासा हा संतांचा आवडता दाखला, पण त्यात येतं ते 'आमिष', म्हणजे संस्कृतातलं मांस. १२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लासात मासे धरण्याच्या राजविनोदाला वेगळी जागा दिली, दोरी-गळापासून माशांच्या खाद्यापर्यंत सगळं लिहिलं. चिखलात हात घालून किडे उकरणाऱ्या माणसाचा शब्दसंग्रह मात्र कुठल्याच पोथीत उतरला नाही. मला यात नवल वाटत नाही. या किड्याला बाजार नव्हता, ना कर ना भाव. ज्या वस्तूवर जकात बसते तिचं नाव दप्तरात येतं आणि हळूहळू एकच होतं. जी फुकट उकरून मिळते तिचं नाव गावागणिक बदलत राहतं.

हे सर्वांत नीट नोंदलं गेलं ते अमेरिकेत. भाषाशास्त्रज्ञ हान्स कुराथ यांच्या देखरेखीखाली १९३०च्या दशकात न्यू इंग्लंडच्या गावोगावी जाऊन बोलींचे नकाशे तयार झाले आणि १९४९ साली त्यांनी पूर्व किनाऱ्याचा शब्दभूगोल छापला. तिथे 'अर्थवर्म' हा पुस्तकी शब्द. न्यू इंग्लंडमधले लोक म्हणत अँगलवर्म, पेनसिल्व्हेनिया आणि त्याच्या दक्षिणेच्या डोंगराळ भागात फिशिंग वर्म, ऱ्होड आयलंडात ईसवर्म, जर्मन वस्तीत रेनवर्म. यातला 'अँगल' म्हणजे जुन्या इंग्रजीतला गळच. किडा तोच, पण त्याला नाव दिलं गेलं ते कामावरून. पुढे १९६५ ते १९७० या काळात फ्रेडरिक कॅसिडी यांच्या माणसांनी १,००२ वस्त्यांमध्ये लांबलचक प्रश्नावली घेऊन मुलाखती घेतल्या, त्यातून अमेरिकी प्रादेशिक इंग्रजीचा कोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९८५चा.

आपल्याकडे ब्रिटिश काळात झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाची शब्द-वाक्यांची यादी २४१ नोंदींची होती. त्यात गाय, कुत्रा, उंट आहेत, गांडूळ नाही. बडोदे संस्थानाने १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा आठ भाषांचा कोश काढला, पण तो राज्यकारभाराच्या शब्दांचा. गळाचा किडा त्यात कशाला येईल? २०१०मध्ये गणेश देवी यांच्या पुढाकाराने याच शहरातून भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण सुरू झालं आणि ७८० भाषांची नोंद झाली. तो पसारा भाषा मोजण्याचा होता, एकेका किड्याच्या नावांचा नकाशा काढणं हे काम निराळं.

मराठीतली नावं त्यामुळे आज भेटतात ती शेतीच्या पुस्तिकांत. दानवे, वाळे, शिदोड, काडू, केचवे, भूनाग अशी ती एका दमात दिलेली असतात. कुठलं नाव कुठल्या खोऱ्यातलं, कोण म्हणतं, याचा पत्ता नाही. भूनाग तर बोलीतलं नाहीच, ते रसशास्त्रातलं, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या औषधविद्येतलं. ते नाव शिदोडाच्या शेजारी बसवणाऱ्याने मासेमाऱ्यालाही विचारलं नाही आणि वैद्यालाही.

आणि आता खताच्या गोणीने निकाल लावला आहे. गुजरातेत अळसियानुं खातर, महाराष्ट्रात गांडूळ खत, मध्य प्रदेशात केंचुआ खाद. एकेका राज्याला एकेक छापील शब्द. जे काम जकातीने केलं नाही ते अनुदानाने केलं.

या गोणीतलं खत बहुधा आयसेनिया फेटिडा या जातीच्या गांडुळाचं असतं, ती मूळची युरोपातली. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीवरच्या आपल्या पुस्तकात गळाच्या किड्यांची यादी दिली त्यात ती आहे : ब्रँडलिंग, जुन्या उकिरड्यात, विशेषतः शेणात सापडणारा. म्हणजे वॉल्टनचा ब्रँडलिंगच आज बडोद्याच्या गच्चीवरच्या कुंडीत अळसियुं म्हणून नांदतो आहे. विश्वामित्री नदीत मगरी असल्याने शहरात तो गळाला लावायची सोय नाही, पण चांदोदच्या बाजूला नर्मदेवर जाणाऱ्या हौशी माणसाला उकरत बसायची गरज उरलेली नाही. रोहूसाठी कणकेची गोळी बरी, किडा लागतो तो वाम आणि मागूर यांच्यासाठी. फक्त हा किडा दाबला की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतो. नावातला 'फेटिडा' त्यावरूनच. वॉल्टनचा सल्ला असा की गळाला लावण्याआधी किडे काही दिवस ओल्या शेवाळात ठेवावेत, म्हणजे पोट साफ होऊन ते चिवट होतात.