सोप्या सीएमएसची निवड

संकेतस्थळावरचा मजकूर, छायाचित्रे आणि पाने ब्राउझरमधूनच घालता, बदलता आणि काढता यावीत, त्यासाठी कोड लिहावा लागू नये, म्हणून वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. रोजच्या बोलण्यात तिला सीएमएस असेच म्हटले जाते. ती निवडताना ‘वापरायला सोपी हवी’ ही अट जवळजवळ प्रत्येक जण घालतो. पण साइट बांधणारा आणि पुढे ती चालवणारा ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात, आणि एकाला जे सोपे वाटते ते दुसऱ्याला सोपे जाईलच असे नाही. साइट सुरू होऊन वर्ष झाले आहे, बांधणारा दुसऱ्या कामाला लागला आहे आणि आज संध्याकाळपर्यंत एक सूचना लावायची आहे. त्या वेळी लॉगिन करून बसलेल्या माणसाच्या बाजूने या नोंदीत सोपेपणाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेला पहिला ब्राउझर एडिटरही होता. त्याच खिडकीत पान वाचता येई आणि लिहिताही येई. पुढे घरोघर पोहोचलेल्या ब्राउझरांत वाचण्याची सोय राहिली, लिहिण्याची मागे पडली. मग पान बदलायचे तर एचटीएमएल (पानाच्या कोडची) फाइल उघडायची, दुरुस्त करायची आणि एफटीपीने (फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) सर्व्हरवर चढवायची, असा खटाटोप सुरू झाला. मेनूतला एक शब्द बदलला तरी तो मेनू असलेले प्रत्येक पान हाताने बदलावे लागे. सीएमएसने मजकूर डेटाबेसमध्ये आणि मांडणी टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या तयार साच्यात, ठेवली. वाचकाने पान मागितले की दोन्ही जुळवून पान तयार होऊ लागले.

ड्रीस बायटार्ट यांची ड्रुपल ही सीएमएस जानेवारी २००१ मध्ये मुक्त स्रोत झाली, म्हणजे तिचा कोड सर्वांना खुला झाला. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी बी२ या जुन्या प्रणालीच्या आधारे वर्डप्रेस घडवले आणि २७ मे २००३ रोजी ते प्रसिद्ध केले. २००५ मध्ये मॅम्बो या सीएमएसमधून फुटून जूमला निघाले. हे नाव ‘सगळे मिळून’ अशा अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतलेले आहे, आणि मराठीतल्या जुन्या हिशेबांत एकूण बेरजेसाठी येणारा ‘जुमला’ त्याच अरबी कुळातला. स्क्वेअरस्पेस २००३ मध्ये आणि विक्स २००६ मध्ये सुरू झाले. या दोन्हींत सॉफ्टवेअर आणि होस्टिंग (साइट ठेवण्याची सर्व्हरवरची जागा) एकत्रच मिळते. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक साइट वर्डप्रेसवर चालतात. त्यामुळे अडचण आली तर उत्तर शोधायला जागा भरपूर आहेत, आणि नवख्यासाठी हाही सोपेपणाचाच भाग आहे.

सोपेपणा कसा ठरवावा

आयएसओ ९२४१-११ हे मानक वापरसुलभतेची व्याख्या करताना परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान असे तीन निकष देते. ते लावायचे विशिष्ट वापरणाऱ्यांना, विशिष्ट हेतूंसाठी आणि विशिष्ट परिस्थितीत. निवड करणारे नेमका हा दुसरा भाग विसरतात. पाच मिनिटांत साइट उभी राहते हे प्रात्यक्षिक पाहून प्रणाली ठरवली जाते, पण साइट उभी करण्याचे काम एकदाच होते आणि मजकूर बदलण्याचे काम शेकडो वेळा.

म्हणून खरी परीक्षा एडिटरची घ्यावी. साइट जी व्यक्ती सांभाळणार आहे तिलाच चाचणीच्या साइटवर बसवावे, एक छोटे काम द्यावे आणि शेजारी बसून तोंडातून शब्द न काढता पाहावे. काम साधेच असावे: वर्डच्या फाइलमधली सूचना साइटवर लावायची, मोबाइलवर काढलेला एक फोटो त्यात घालायचा, प्रसिद्ध करायची आणि मग तारीख चुकली म्हणून दुरुस्त करायची.

मजकूर चिकटवताक्षणीच पुष्कळ कळते. चांगला एडिटर शीर्षके, ठळक अक्षरे आणि लिंक ठेवतो, वर्डचे फाँट आणि रंग मात्र गाळतो. वाईट एडिटर सगळेच आत घेतो, आणि प्रसिद्ध झालेल्या पानावर दोन परिच्छेद दोन वेगळ्या आकारांत दिसतात. लावणाऱ्याला आपले काय चुकले हे कळत नाही, कारण त्याचे काहीच चुकलेले नसते. मग फोटो. मोबाइलचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद असू शकतो. तो लहान करून आणा असे सांगणारी प्रणाली सोपी म्हणता येणार नाही. वर्डप्रेस चढवलेल्या चित्राच्या लहान आवृत्त्या स्वतः बनवते, आणि ५.३ आवृत्तीपासून फार मोठे चित्र २,५६० पिक्सेलपर्यंत आपणहून खाली आणते. फोटोचे वर्णन लिहिण्याची चौकट समोर दिसते की कुठे तरी आत दडलेली असते, हेही पाहावे. दृष्टिहीन वाचकाला तो फोटो त्या वर्णनातूनच कळतो, आणि चौकट दिसली नाही तर ती कोणी भरत नाही.

चूक मागे घेता येते का, हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न. जिथे आधीची आवृत्ती परत आणता येते तिथे माणूस निर्धास्तपणे काम करतो. जिथे येत नाही तिथे तो बटणाला हात लावायला घाबरतो, आणि साइट हळूहळू शिळी होते. वर्डप्रेसमध्ये काढून टाकलेला लेख ३० दिवस कचरापेटीत राहतो. मीडिया विभागातून काढलेले चित्र मात्र मूळ सेटिंगनुसार लगेच आणि कायमचे जाते. असे बारकावे वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावेत.

सवयीचाही वाटा मोठा असतो. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर ब्लॉक एडिटर आला, ज्यात प्रत्येक परिच्छेद आणि चित्र वेगळ्या चौकटीत असते. नवशिक्यांना तो चटकन जमला, पण वर्षानुवर्षे एकाच लांब चौकटीत लिहीत आलेल्या असंख्य लोकांनी ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवून जुनी चौकट परत आणली. त्यात वावगे काही नव्हते.

जास्त सोयी म्हणजे जास्त सोपे, हा समज सर्रास आढळतो. ड्रॅग-अँड-ड्रॉप पेज बिल्डर प्रत्येक ओळीचा रंग, अंतर आणि फाँट बदलू देतो. सुरुवातीला ते मोकळेपण हवेसे वाटते. पण तीन माणसे वर्षभर साइट हाताळत असली की शीर्षके चार रंगांची होतात. मजकूर लिहिणाऱ्याला मोजकीच बटणे दिसावीत आणि मांडणीचे निर्णय थीमने (साइटचे रूप ठरवणाऱ्या तयार संचाने) एकदाच घ्यावेत, हे जास्त टिकाऊ. त्यासाठी भूमिका आणि परवानग्या नीट वापराव्यात. रोजचे काम करणाऱ्याला संपादकाचे खाते पुरते, प्रशासकाचे लागत नाही.

देवनागरी मजकुराच्या अडचणी

परीक्षणे बहुतेक रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असतात, म्हणून हा भाग वेगळा तपासावा लागतो. अनेक प्रणाली शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांनी लिहिला जातो. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात ४५ अक्षरे झाली. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा घालते. त्यात देवनागरीची जेमतेम २२ चिन्हे मावतात, आणि लांब शीर्षकाचा पत्ता चार-पाच शब्दांतच तुटतो. असा पत्ता कुठे चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ दिसते. पान प्रसिद्ध करण्याआधी रोमन लिपीतला आटोपशीर पत्ता हाताने लिहिणे, हा त्यावरचा साधा उपाय. ती चौकट एडिटरमध्ये सहज सापडते का, ते पाहावे.

थीम पारखताना नमुन्यातल्या रोमन मजकुरावर विसंबू नये, खरा मराठी मजकूर घालून पाहावा. अक्षरांमध्ये जादा अंतर सोडणाऱ्या थीममध्ये शिरोरेषा तुटते, आणि ओळींतले अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. साइटच्या आतल्या शोधात दोन-चार जोडाक्षरी शब्द टाकून पाहणेही बरे.

देखभाल

स्वतःच्या होस्टिंगवर बसवलेली प्रणाली अद्ययावत ठेवणे हे मालकाचे काम असते. ड्रुपलमधला एक गंभीर दोष १५ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर झाला तेव्हा दुरुस्तीही सोबत दिली होती. तरी ड्रुपलच्या सुरक्षा गटाला पुढे सांगावे लागले की, पहिल्या ७ तासांत दुरुस्ती न केलेली साइट हल्लेखोरांच्या हाती गेली असे धरून चालावे. वर्डप्रेसने ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून छोटे अपडेट आपोआप बसवायला सुरुवात केली. ज्याच्याकडे तंत्रज्ञ नाही त्याच्यासाठी ही सोय कुठल्याही सुंदर थीमपेक्षा महत्त्वाची आहे. विक्स किंवा स्क्वेअरस्पेसवर हा भार सेवा देणारी कंपनीच उचलते, आणि एकट्याने साइट चालवणाऱ्याला अशी सेवा सुचवायला संकोच करण्याचे कारण नाही.

प्लगइनच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत ५० हजारांहून अधिक प्लगइन आहेत, पण बसवलेल्या प्रत्येकाचे अपडेट पाहावे लागतात, आणि त्याचा निर्माता काम सोडून गेला तर ते तसेच पडून राहते. मूळ प्रणालीच्या आवृत्तीलाही आयुष्य असते. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. ड्रुपल ८ ची रचना मुळातून बदललेली असल्याने ७ वरून पुढे जाताना अनेकांना साइट जवळजवळ नव्याने बांधावी लागली.

जेकिल, ह्यूगो अशी स्थिर साइट (आधीच तयार करून ठेवलेली पाने) बनवणारी साधने वेगवान आणि सुरक्षित असतात, पण त्यांत बदल करायला फाइली आणि कमांड यांची सवय लागते. प्रोग्रामरला ती सोपी वाटतात, इतरांच्या गळ्यात मारू नयेत.

बाहेर पडण्याची वाट

प्रणाली सोडायची वेळ आली तर मजकूर कसा न्यायचा, हे आत शिरतानाच विचारावे. विक्सवर बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. स्क्वेअरस्पेस काही प्रकारची पाने वर्डप्रेसला वाचता येईल अशा फाइलमध्ये देते, सगळी नाही. वर्डप्रेसच्या निर्यात फाइलमध्ये लेख आणि पाने येतात, पण चित्रे स्वतः नसतात, त्यांचे फक्त पत्ते असतात. नवीन साइट त्या पत्त्यांवरून जुन्या साइटवरची चित्रे उतरवून घेते. त्यामुळे चित्रे नव्या जागी उघडत असल्याची खात्री होईपर्यंत जुने होस्टिंग चालू ठेवावे लागते.