मीटर चाळीस टक्क्यांवर, मग गिटार कडकडते कशाला?

चवथीच्या आधीची गोष्ट. डिचोलीत बाहेर धो धो पाऊस, आणि भाच्याच्या खोलीत आम्ही त्याच्या गाण्याचं गिटार रेकॉर्ड करत बसलेलो. मध्येच हेडफोनात कडक्-कडक् व्हायला लागलं, चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखं. "मामा, केबल गेली वाटतं." केबल बदलली, मित्राचा इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) मागून आणला, कडकड तशीच. मग लॅपटॉपचा सीपीयू मीटर बघितला तर चाळीस टक्के! म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रोसेसर मोकळा आणि तरी आवाज तुटतोय.

तर गंमत अशी की ते चाळीस टक्के ही सरासरी आहे, आणि आवाजाला सरासरी चालत नाही, त्याला वेळेवर माल लागतो.

गिटारचा सिग्नल सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो, पण हे आकडे प्रोसेसरकडे एकेक करून जात नाहीत, गठ्ठ्याने जातात, त्या गठ्ठ्याला म्हणतात बफर. रायबंदर-चोडणची फेरीबोट आठवा. समजा नियम असा की बोट भरली की सुटायची, आणि पुढची भरेस्तोवर आधीचीने पलीकडे माणसं उतरवून मोकळं व्हायचं. १२८ सॅम्पलचा, म्हणजे १२८ मोजण्यांचा बफर ही लहान होडी, २.७ मिलिसेकंदात भरते, आणि तेवढ्यातच ॲम्प, कॅबिनेट (स्पीकरची पेटी), रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा), लॅपटॉप ज्यांची नक्कल करतो त्या सगळ्याचं गणित संपायला हवं. वायफायचा ड्रायव्हर मध्येच घुसला आणि दोन मिलिसेकंद खाऊन गेला की संपलं, हेडफोनला त्या क्षणी द्यायला काहीच नाही, तीच ती कडक्. १०२४ चा बफर घेतला तर २१ मिलिसेकंद मिळतात, मग असला उशीर त्यात जिरून जातो. पण तार छेडल्यावर आवाज मागाहून येतो आणि वाजवणाऱ्याचा ताल सुटतो. (६४ च्या बफरसाठी जीव टाकणाऱ्यांना एक सांगतो, हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे खऱ्या ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभे राहिलात तर १० मिलिसेकंद उशीर तिथेही होतोच, त्याची कोणी तक्रार करत नाही.)

आता ॲम्पचंच प्लगइन, म्हणजे ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, एवढं का खातं? कारण डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणं. लाट वरून-खालून चेपली की मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट असे नवे सूर तयार होतात. खऱ्या ॲम्पच्या ट्यूबमध्ये ते कितीही वर जाऊ देत, कानाला कळत नाहीत, विषय संपला. पण ४८,००० च्या मोजणीत २४,००० हर्ट्झच्या वर जागाच नाही, म्हणून ६,००० हर्ट्झची पाचपट, म्हणजे ३०,०००, उलटी फिरून १८,००० वर येऊन बसते. तार वाकवून सूर वर नेला की हे भूत खाली सरकतं, ऐकायला अगदी घाणेरडं. ते टाळायला प्लगइन आतल्या आत मोजणी आठपट करतं, सेकंदाला ३,८४,००० वेळा, यालाच ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात, आणि डिस्टॉर्शनचं कामही जवळजवळ आठपट होतं.

त्यात कॅबिनेट. स्पीकरच्या आवाजाचा ठसा २०० मिलिसेकंदांचा असेल तर तो ९,६०० आकड्यांचा होतो, सरळ गुणाकार करत बसलं तर सेकंदाला ४६ कोटी! एफएफटी नावाची गणिती युक्ती वापरून हे बरंच कमी करतात म्हणून निभावतं.

"पण लॅपटॉपला आठ कोर आहेत ना?" आहेत रे, पण पेडलचा आवाज आल्याशिवाय ॲम्प काय करणार, आणि ॲम्पचा आल्याशिवाय कॅबिनेट काय करणार? एका ट्रॅकवरची ही रांग बहुतेक वेळा एकाच कोरवर चालते, बाकीचे सात चवथीला आरती सोडून मोदकांची वाट बघणाऱ्यांसारखे बसून. तयार ट्रॅकचं गणित सॉफ्टवेअर आधीच उरकून ठेवू शकतं, पण अजून न वाजवलेला सूर आधी कसा मोजणार?

मग आम्ही काय केलं, जुने ट्रॅक फ्रीज केले (म्हणजे त्यांचं गणित आधीच उरकून ठेवलं), रिव्हर्ब बंद, वायफाय बंद, ओव्हरसॅम्पलिंग वाजवताना दुप्पट आणि शेवटच्या रेंडरला (गाण्याची पक्की फाइल काढताना) आठपट, बफर १२८. रेकॉर्ड मात्र गिटारचा कोरा सिग्नलच केला, ॲम्प फक्त ऐकण्यापुरता हलकासा. माझ्या मते नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी एवढं तरी करून बघावंच. आणि हो, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवला, खाली हवा जायला जागाच नव्हती, प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो.

तीन टेक स्वच्छ गेले. चौथा अर्ध्यावर असताना लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, वीज वाचवायला त्याने वेग उतरवला आणि हेडफोनात परत कडक्. भाच्याने वाजवणं न थांबवता नुसतं माझ्याकडे बघितलं, "मामा, २५६ कर!"