एलएस ३/५ए : बीबीसीच्या गाडीतून घरात आलेला स्पीकर

जुन्या स्पीकरांच्या बाजारात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला एका गोष्टीचं हमखास आश्चर्य वाटतं. फूटभर उंच, साडेसात इंच रुंद, सव्वासहा इंच खोल असे दोन लाकडी खोके. खर्ज बेताचा, आवाज फार मोठा होत नाही, आणि तरीही चांगल्या अवस्थेतल्या जोडीची किंमत लाखाच्या घरात जाते. त्याचं नावही सुटसुटीत नाही, सरकारी फाइलवरचा क्रमांक वाटावा असं आहे: एलएस ३/५ए. ते नाव खरोखरच खात्यातल्या यादीतून आलेलं आहे. एलएस म्हणजे लाउडस्पीकर. ३ हा आकडा स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणासाठीच्या स्पीकरांचा. स्टुडिओतल्या स्पीकरांना ५ दिला जाई. पुढचा ५ हा त्या मालिकेतला क्रमांक आणि ए म्हणजे पहिली सुधारित आवृत्ती. विक्रीचा विचार करून असं नाव कोणी ठेवलं नसतं, आणि विक्रीचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हताही.

गेली काही वर्षं माझ्याकडे अशी एक जोडी आहे. तिच्याबद्दल बोलताना लोक थेट 'जादू' या शब्दावर येतात. मला ते पटत नाही. या खोक्यात जे काही आहे ते कोणीतरी विचार करून, मोजून, ऐकून तिथे ठेवलेलं आहे, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींची कारणं आज सांगता येतात.

सुरुवात बीबीसीपासून करावी लागते. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला स्पीकर लागतो तो तपासणीसाठी. मायक्रोफोनपाशी जे घडतंय ते जसंच्या तसं बाहेर जातंय का, हे नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला कानांनी ठरवायचं असतं. स्पीकरच आवाजाला स्वतःचा रंग देत असेल तर तो माणूस चुकीच्या गोष्टी दुरुस्त करत बसणार. म्हणून बीबीसीच्या संशोधन विभागाने स्पीकर हा विषय फार गांभीर्याने घेतला. १९४८पासून हा विभाग सरे परगण्यातल्या किंग्जवूड वॉरन नावाच्या जुन्या वाड्यात होता. डी. ई. एल. शॉर्टर आणि त्यांच्यानंतर डडली हारवूड ही तिथली मोठी नावं. विजेचा संदेश थांबल्यावरही स्पीकरचा पडदा किंवा खोका थोडा वेळ कसा गुणगुणत राहतो, याचा अभ्यास शॉर्टर यांनी १९४०च्या दशकातच केला होता. आणि हा दोष पकडण्यासाठी या मंडळींचं आवडतं साधन होतं माणसाचं बोलणं. वाद्यवृंद ऐकताना कान बऱ्याच गोष्टी माफ करतो. ओळखीच्या माणसाचा आवाज जरा जरी नाकात गेला, जरा जरी पेटीतून आल्यासारखा वाटला, तरी कानाला लगेच कळतं. सहकाऱ्याचं बोलणं प्रत्यक्ष ऐकायचं आणि तेच स्पीकरवर ऐकायचं, अशी ती परीक्षा.

आपल्याकडे आकाशवाणीच्या बातम्या ऐकत वाढलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. निवेदकाचं नाव सांगितलं जाण्याआधी, पहिल्या दोन शब्दांत, आज कोण आहे ते घरातल्या सगळ्यांना कळायचं.

एलएस ३/५एचा जन्म मात्र एका भलत्याच कामातून झाला. मोठा संगीत स्टुडिओ बांधायचा तर तो कसा वाजेल हे आधी कळणार कसं? १९६०च्या दशकात किंग्जवूड वॉरनमध्ये यावर एक तोडगा शोधला जात होता: स्टुडिओची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती करायची आणि तिच्यात संगीत आठपट वेगाने वाजवायचं. खोली आठपट लहान, म्हणून ध्वनिलहरीही आठपट आखूड. पन्नास हर्ट्झचा खर्ज तिथे चारशे हर्ट्झवर येतो. या प्रयोगांच्या ओघात, चारशे हर्ट्झच्या वरचंच वाजवायचं असल्यामुळे अगदी लहान ठेवता येईल असा एक स्पीकर तयार झाला. तो ऐकल्यावर या लोकांच्या लक्षात आलं की एवढ्याशा खोक्यातून येणारा आवाज अनपेक्षितपणे स्वच्छ आहे.

त्याच सुमारास दूरदर्शन प्रक्षेपणाच्या फिरत्या गाड्यांची अडचण होती. क्रिकेटचा सामना, मिरवणूक, चर्चमधली प्रार्थना, जिथे कार्यक्रम तिथे गाडी. आत पडद्यांची रांग, बटणांचे फलक, दाटीवाटीने बसलेली माणसं. मोठा स्पीकर ठेवायला जागा नाही. हेडफोन लावून बसावं तर शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि त्या कामात सतत बोलावं लागतं. हाताच्या अंतरावर, फळीवर मावेल असा विश्वासू स्पीकर हवा होता. प्रयोगातला तो छोटा खोका या कामाला लावायचं ठरलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एलएस ३/५ तयार झाला. नावात ए नसलेला हा स्पीकर फार थोड्या संख्येने बनला, कारण त्यातले ड्रायव्हर, म्हणजे खोक्यात बसवलेले, प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग, बनवणाऱ्या कंपनीने मधल्या काळात त्यांच्या घडणीत बदल केला आणि नव्या ड्रायव्हरांवर जुना क्रॉसओव्हर, म्हणजे खालची आणि वरची पट्टी वेगळी करून ज्या त्या ड्रायव्हरला देणारा आतला बोर्ड, जुळेना. मग बीबीसीच्या डिझाइन विभागाने सगळं पुन्हा मांडलं. त्यातून एलएस ३/५ए आला. १९७६ साली हारवूड, व्हॅटन आणि मिल्स या तिघांनी त्याच्या रचनेचा अहवाल लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. कोणता निर्णय कशासाठी, हे त्यात साध्या भाषेत सांगितलंय.

ड्रायव्हर होते केईएफचे. केंट इंजिनीअरिंग अँड फाउंड्री या धातुकामाच्या कारखान्याच्या आद्याक्षरांवरून हे नाव आलं. १९६१मध्ये मेडस्टन इथे रेमंड कुक यांनी कंपनी सुरू केली. कुक स्वतः पूर्वी बीबीसीत होते. खालच्या आणि मधल्या पट्टीसाठी बी११० आणि वरच्या पट्टीसाठी टी२७ हे दोन्ही ड्रायव्हर केईएफमधले माल्कम जोन्स यांनी रचलेले. बी११०चा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, कागदाचा नाही, बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा आहे. कागदाचे कोन एका घाण्यातले दुसऱ्या घाण्याशी जुळत नसत आणि हवेतल्या ओलाव्याने त्यांचा स्वभाव बदलत असे. बीबीसीला तर देशभरच्या शेकडो खोल्यांत एकसारखा आवाज हवा होता. मुंबई-कोकणातला पावसाळा काढलेल्या जुन्या रेडिओचा कोन ज्याने पाहिलाय, त्याला या निर्णयाचं महत्त्व पटेल.

आता खोक्याकडे येतो, कारण या स्पीकरची खरी गोष्ट तिथे आहे. स्पीकर रचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: खोका लहान, खर्ज खोल आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज. निसर्ग यातल्या दोनच देतो. बीबीसीच्या लोकांना गाडीमुळे लहान खोका सोडता येत नव्हता. बोलण्याला आणि गाण्याला भरीवपणा यावा म्हणून थोडा खर्ज हवाच होता. मग त्यांनी तिसरी गोष्ट सोडून दिली. एलएस ३/५एची संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल एवढीच आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून घेतो बरंच आणि परत देतो बेताचं. त्याला २५-३० वॉटच्या पुढे ढकलू नये. गाडीत ऐकणारा माणूस हातभर अंतरावर बसलेला असल्याने यात काही बिघडत नव्हतं. साधारण दीडशे हर्ट्झच्या आसपास आवाजाला किंचित उठाव दिला आहे. त्याने खालचा खर्ज आहे त्यापेक्षा जास्त असल्याचा भास होतो. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला तो योग्य तडजोडीचा नमुना वाटतो, कारण हा उठाव नसेल तर पुरुषाचा आवाज कोरडा पडतो.

खोक्याच्या भिंती पातळ आहेत, १२ मिलिमीटर बर्च प्लायवूडच्या. आतून त्यांना जड, मऊ थर चिकटवलेले. इतरत्र जाड आणि ताठ भिंतींचं कौतुक चालू असताना हारवूड यांचं म्हणणं उलट होतं. भिंत कुठली ना कुठली थरथरणारच. जाड केली तर ती थरथर वरच्या पट्टीत, नेमकी जिथे कान तीक्ष्ण असतो तिथे जाते. पातळ भिंत नीट दाबून ठेवली की थरथर खाली सरकते आणि लवकर विरते. आतल्या कोपऱ्यांतल्या पट्ट्यासुद्धा बीच लाकडाच्याच हव्यात असा आग्रह होता. लाकडाची जात बदलली तर आवाज बदलतो हे त्यांनी ऐकून ठरवलं होतं.

ट्वीटरच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या टी२७च्या, चारही बाजूंनी जाड फेल्टच्या (नमद्याच्या) पट्ट्या आहेत. पुढची जाळी खोक्यात किंचित आत बसते, त्यामुळे तिच्या चौकटीवर आणि खोक्याच्या कडांवर आपटून वरच्या पट्टीतल्या लहरी परततात. फेल्ट त्यांना आधीच शोषून घेतं. माझी जोडी आली तेव्हा एका खोक्यातलं फेल्ट वाळवी लागल्यासारखं झालं होतं. जाळी ओढून काढली आणि बोट लावलं तर काळी भुकटी हातावर आली. नवं फेल्ट कापून बसवेपर्यंत दोन-तीन दिवस मी तसंच, जाळीशिवाय ऐकलं. कथावाचनाचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. बाईंचा प्रत्येक 'स' आणि 'श' आवाजापासून सुटून पुढे येत होता, दातांतून शिट्टी यावी तसा. फेल्ट बसवलं, जाळी दाबून लावली आणि तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं, तेव्हा 'स' परत शब्दात जाऊन बसला. हा स्पीकर जाळीसकटच मोजलेला आणि ऐकलेला आहे. देखणे ड्रायव्हर दिसावेत म्हणून जाळी काढून ठेवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

बीबीसीने स्वतःच्या गरजेपलीकडे हे स्पीकर बनवले नाहीत. खासगी कंपन्यांना परवाने दिले आणि प्रत्येक स्पीकर मूळ नमुन्याशी अगदी थोड्या फरकाच्या आत जुळला पाहिजे अशी अट घातली. त्यामुळे रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, पुढे स्पेंडॉर, गुडमन्स, हार्बेथ आणि खुद्द केईएफ अशी नावं वेगवेगळ्या जोड्यांवर दिसतात. स्पेंडॉर ही स्पेन्सर ह्यूज या बीबीसीतल्याच अभियंत्याची कंपनी, नाव स्पेन्सर आणि पत्नी डॉरथी यांचं मिळून. हार्बेथ तशीच: हारवूड आणि एलिझाबेथ. निवृत्तीनंतर हारवूड यांनी ती १९७७मध्ये उभी केली. एका सार्वजनिक संस्थेतल्या संशोधनातून ब्रिटिश स्पीकरांची एक अख्खी परंपरा बाहेर आली, आणि एलएस ३/५ए हे तिचं सर्वांत दूर पोहोचलेलं मूल. जपान आणि हाँगकाँगमध्ये, जिथे घरं लहान आणि भिंतींना भिंती लागून, तिथे त्याला मिळालेलं प्रेम इंग्लंडपेक्षा कमी नाही.

सुरुवातीच्या जोड्या १५ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या रोधाचं माप). १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात केईएफने बी११०मध्ये सुधारणा केल्यावर क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला आणि ११ ओहमची आवृत्ती आली. कोणती चांगली यावर रात्री संपतात. मी १५च्या बाजूचा, पण आग्रह धरण्याइतका फरक मला ऐकू येत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मूळ ड्रायव्हर बनणं थांबलं. नंतर माल्कम जोन्स यांनीच स्थापन केलेल्या फाल्कन कंपनीने बी११० आणि टी२७ मूळ बरहुकूम पुन्हा घडवले आणि बीबीसीचा परवाना घेऊन अख्खा स्पीकर परत आणला.

आमच्या फ्लॅटची बैठकीची खोली दहा बाय बारा. भल्या मोठ्या स्पीकरांची या खोलीत घुसमट होते, खर्ज कोपऱ्यात साचून राहतो. हे दोन खोके स्टँडवर, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, माझ्यापासून सहा फुटांवर. मल्लिकार्जुन मन्सूरांची तबकडी लावली की तानेआधीचा श्वास ऐकू येतो, आणि शब्द कुठे सुटला, कुठे गिळला ते कळतं. तानपुऱ्याच्या जव्हारीचा गुंजारव आवाजामागे उभा राहतो, त्याच्यावर चढत नाही. मर्यादाही तितक्याच स्पष्ट. पखवाजाची थाप पोटात जाणवत नाही, डग्ग्याचा घुमारा अर्धाच येतो, आणि घरी दहा माणसं जमली की याचा आवाज पुरत नाही. हा एकट्यादुकट्याने जवळ बसून ऐकण्याचा स्पीकर आहे, कारण तो तसाच बसून ऐकणाऱ्यासाठी केला होता.

जोडी घेतल्यावर वर्षभराने माझा एक ट्वीटर बंद पडला. आतली केसासारखी तार तुटली होती. पर्यायी टी२७ मिळवायला पाच महिने गेले. तो बसवला तर गायकाचा आवाज मधोमध न राहता डावीकडे सरकला. नवा ट्वीटर जुन्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजत होता. दुरुस्ती करणारे काका सत्तरीचे, आयुष्य रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरांत गेलेलं. त्यांनी क्रॉसओव्हरचा बोर्ड भिंगाखाली धरला आणि मला म्हणाले, "हे बघा, यांनी सोय करूनच ठेवलीय." ट्वीटरच्या वाटेवर एक छोटं वेटोळं आहे आणि त्याला ठरावीक अंतरावर टोकं काढलेली आहेत. कारखान्यात प्रत्येक ट्वीटर मोजून, तो जितका तेज तितक्या खालच्या टोकाला तार जोडत, म्हणजे सगळे स्पीकर सारखे वाजावेत. काकांनी तार उकलली, एक टोक खाली नेऊन डाग दिला. घरी येऊन लावलं. आवाज मधोमध आला होता.