मतदार शहाणा असतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

इ.स.पू. 427 मध्ये अथेन्सच्या नागरिक-सभेने मितिलीन या बंडखोर शहरातील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारायचे आणि बायकामुलांना गुलाम करायचे, असा ठराव केला. हुकूम घेऊन गलबत निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांनाच चुटपुट लागली, सभा पुन्हा भरली आणि थोड्या मतांच्या फरकाने ठराव फिरवला गेला. मागून धाडलेल्या दुसऱ्या गलबताने रात्रंदिवस वल्ही मारून सरसकट कत्तल थांबवली, तीही अगदी शेवटच्या घटकेला. इ.स.पू. 406 मध्ये मात्र असे दुसरे गलबत नव्हते. आर्गिनुसाईची लढाई जिंकूनही बुडत्या खलाशांना वाचवले नाही म्हणून आठ सेनापतींना प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी न घेता एकाच मतदानात दोषी ठरवले गेले. हाती असलेल्या सहा जणांना देहदंड झाला. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला, पण गेलेले सेनापती परत येणार नव्हते.

लोकशाहीच्या विरोधात बोलणारे ही उदाहरणे आजही देतात. अथेन्सने त्यावर काय उपाय केले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर खटला भरण्याची सोय त्यांच्याकडे होती. इ.स.पू. 403 मध्ये लोकशाही पुन्हा प्रस्थापित झाल्यावर त्यांनी 'कायदा' आणि 'ठराव' वेगळे केले. ठराव सभेने करायचा. कायदा बदलायचा असेल तर तो शपथ घेतलेल्या नागरिकांच्या वेगळ्या मंडळापुढे न्यायचा आणि तिथे जुन्या कायद्याची बाजूही ऐकून घ्यायची. माणसे तीच राहिली. त्यांच्या निर्णयाला लागणारा वेळ आणि टप्पे बदलले. या वादाच्या पुढच्या सगळ्या इतिहासात आम्हाला हाच धागा महत्त्वाचा वाटतो.

प्लेटोने राज्याला जहाजाची उपमा दिली. सुकाणू कोणी धरायचे हे खलाशांच्या आरडाओरड्याने ठरत नाही, त्याला तारे आणि वारा जाणणारा माणूस लागतो. त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल अधिक सावध होता. अनेकांनी मिळून आणलेले जेवण एकट्याच्या खर्चाने झालेल्या जेवणापेक्षा सरस ठरू शकते, असे तो म्हणाला. घर कसे आहे हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणारा चांगले सांगतो आणि पक्वान्नाची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला असते, हेही त्याचेच. अर्थात या दोघांच्या चर्चेत स्त्रिया आणि गुलाम 'नागरिक' नव्हतेच, हे विसरता येत नाही.

या तर्काला गणिताचा आधार मिळाला तो 1785 मध्ये, कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताकडून. दोन पर्यायांपैकी एक बरोबर आहे आणि प्रत्येक मतदार तो ओळखण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, समजा 55 टक्के, आहे असे धरा. एकट्याने ठरवले तर चुकण्याची शक्यता 45 टक्के. अशा 101 जणांचे बहुमत बरोबर येण्याची शक्यता सुमारे 84 टक्के होते, आणि 1001 जणांचे बहुमत 99.9 टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर येते. म्हणजे फार शहाणी माणसे लागतच नाहीत. नाणेफेकीपेक्षा किंचित बरी असली तरी पुरते.

या हिशेबाला दोन अटी आहेत आणि वादाचे मूळ तिथेच आहे. पहिली अट म्हणजे सरासरी मतदार निम्म्याच्या वर हवा. तो 45 टक्क्यांवर आला की हेच गणित उलटे फिरते आणि 1001 जणांचे बहुमत जवळजवळ हमखास चुकते. दुसरी अट, प्रत्येकाने आपले मत स्वतंत्रपणे बनवलेले हवे. हजार जणांनी एकाच माणसाचे ऐकून मत दिले, तर ती हजार मते गणिताच्या दृष्टीने एकच मत असतात. गर्दीचे शहाणपण बिघडते ते बहुधा इथे. वेगवेगळ्या दिशांच्या चुका एकमेकींना खोडून काढतात. सगळ्यांची चूक एकाच दिशेची असली की ती बेरजेत वाढतच जाते.

1906 मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाच्या कापून साफ केलेल्या मांसाचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली. फ्रान्सिस गॉल्टन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने तिच्या 787 चिठ्ठ्या मिळवून तपासल्या. चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज 1207 पौंड होता आणि खरे वजन 1198 पौंड. फरक एक टक्क्याहून कमी. गॉल्टन सामान्यांच्या बुद्धीविषयी फारसा आदर असलेला माणूस नव्हता, तरी 1907 मध्ये निष्कर्ष छापताना लोकांचा निवाडा अपेक्षेहून भरवशाचा निघाल्याचे त्याने मान्य केले. पण ही स्पर्धा मतदानासारखी पूर्णपणे नव्हती. चिठ्ठीला सहा पेन्स मोजावे लागत, त्यामुळे उगाच अंदाज ठोकणारे कमी होते, आणि खोटे वजन पसरवण्यात कोणाचा फायदा नव्हता.

मग शहाण्यांनाच जास्त मते द्यावीत का? जॉन स्टुअर्ट मिल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1861 मध्ये तसेच सुचवले. मत सर्वांना असावे, पण शिकलेल्यांना एकाहून अधिक. ब्रिटनमध्ये पदवीधरांना जादा मत देणारे विद्यापीठ मतदारसंघ 1948 च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकले. बेल्जियमने 1893 मध्ये मालमत्ता, कुटुंब आणि शिक्षण पाहून एका मतदाराला तीनपर्यंत मते दिली. ही पद्धत 1919 च्या निवडणुकीपासून गेली. प्रशिया या जर्मन राज्यात 1849 पासून कराच्या रकमेनुसार तीन वर्ग होते. वरच्या वर्गात जेमतेम 5 टक्के मतदार, तरी त्यांचे वजन तळाच्या 80 टक्क्यांहून अधिक लोकांइतके.

अमेरिकेच्या दक्षिणेत या कल्पनेचे सर्वांत ओंगळ रूप दिसले. मिसिसिपीच्या 1890 च्या राज्यघटनेनुसार मतदाराला घटनेतील उतारा वाचता यायला हवा किंवा ऐकून त्याचा 'वाजवी' अर्थ सांगता यायला हवा. वाजवी काय, हे नोंदणी करणारा गोरा अधिकारी ठरवी. लुइझियानात 1964 मध्ये वापरलेल्या एका चाचणीत 10 मिनिटांत 30 प्रश्न सोडवायचे होते. एक चुकला तरी नापास. 1965 च्या मताधिकार कायद्याने अशा चाचण्या थांबवल्या, तेव्हा मिसिसिपीतील कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी 7 टक्क्यांहून कमी होती. दोन वर्षांत ती 60 टक्क्यांच्या घरात गेली. शहाणपणाची परीक्षा घ्यायची म्हटले की परीक्षक कोणीतरी नेमावा लागतो, आणि तो ज्याच्या हाताखाली असतो त्याचे हित प्रश्नपत्रिकेत उतरते. याला नीट उत्तर देणारी एकही योजना आमच्या पाहण्यात नाही.

उलट दिशेचा मोठा प्रयोग भारतात झाला. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 17 कोटी 30 लाख मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना लिहितावाचता येत नव्हते. निवडणूक आयोगाने परीक्षा घेतली नाही, प्रक्रिया सोपी केली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. चूक झाली ती यादी करताना. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशीच ओळख सांगितलेल्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. याच्या शेजारी फ्लोरिडातील पाम बीच परगण्याची 2000 सालची मतपत्रिका ठेवून पाहावी. उमेदवारांची नावे दोन पानांवर आणि मत देण्यासाठी पाडायची छिद्रे मधल्या एकाच रांगेत, त्यामुळे 19 हजारांहून अधिक मतपत्रिकांवर अध्यक्षपदासाठी एकाहून जास्त छिद्रे पडून त्या बाद झाल्या. राज्यातला निकाल 537 मतांनी लागला. तिथला मतदार साक्षर होता. कागद चुकीचा आखलेला होता.

विसाव्या शतकात वाद सर्वेक्षणांच्या हाती गेला. वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने 1922 मध्ये लिहिले की माणूस जगाविषयी नव्हे, तर डोक्यातल्या जगाच्या चित्राविषयी मत देतो. तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने 1927 मध्ये उत्तर दिले: जोडा कसा दुरुस्त करायचा हे चांभार जाणतो, पण तो कुठे चावतो हे घालणाराच जाणतो. आपल्याकडे 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' म्हणतात, तेच हे. पण राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्सने 1964 मध्ये दाखवलेले आकडे झोंबणारे होते. तेच प्रश्न त्याच अमेरिकनांना 1956 ते 1960 दरम्यान पुन्हा पुन्हा विचारले, तर अनेकांची उत्तरे नाणे उडवावे तशी बदलत. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्सने 1957 मध्येच कारण सांगून ठेवले होते. लाखोंत एका मताने निकाल फिरत नाही, मग अर्थसंकल्प वाचायला रात्री जागवायच्या कशाला?

मतदार यातून वाट काढतो ती खुणांवरून, म्हणजे कोण कोणत्या बाजूला आहे हे पाहून. 1988 मध्ये कॅलिफोर्नियात वाहन विम्यावर पाच किचकट प्रस्ताव एकाच वेळी मतदानाला आले. राज्यशास्त्रज्ञ आर्थर लुपियाने मतदारांना विचारले तेव्हा आढळले की तपशील न कळलेल्यांपैकी ज्यांना विमा कंपन्यांची भूमिका ठाऊक होती, ते जवळजवळ जाणकारांसारखेच मत देत होते. खूण खरी असेल तोवर हे चालते. लॅरी बार्टेल्स या दुसऱ्या राज्यशास्त्रज्ञाने 1996 मध्ये अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांचा हिशेब मांडला, तेव्हा मतदार पूर्ण माहितगार असते तर सत्तेवरच्या उमेदवाराला जी मते पडली असती, त्याहून प्रत्यक्षात सुमारे 5 टक्के जास्त पडत असल्याचे निघाले. म्हणजे सगळ्या चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत.

अलीकडचे प्रयोग अथेन्ससारखे पुन्हा चिठ्ठ्या टाकून नागरिक निवडण्याकडे वळले आहेत. आयर्लंडमध्ये 2016 पासून 99 सामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष यांच्या सभेने पाच शनिवार-रविवार गर्भपाताच्या प्रश्नावर डॉक्टर, वकील आणि दोन्ही बाजूंचे लोक ऐकले, आपसांत चर्चा केली आणि गुप्त मतदानाने घटनाबदलाची शिफारस केली. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मते बदलाच्या बाजूने पडली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2004 मध्ये अशाच 160 नागरिकांनी सुचवलेली मतदान पद्धत सार्वमतात 57.7 टक्क्यांवर अडकली; अट 60 टक्क्यांची होती. आयर्लंडच्या सभेने कोणत्या विषयांवर बसायचे हे संसदेने ठरवून दिले होते. अथेन्समध्ये सभेपुढे काय ठेवायचे हे ठरवणारे 500 जणांचे मंडळही चिठ्ठ्या टाकूनच निवडले जाई.