पट्टी एक, अर्थ दोन: प्राथमिक वर्गातल्या ‘सा’ची पार्श्वभूमी

ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, प्राथमिक शाळेतली पेटी किंवा कीबोर्ड उघडला की पट्ट्यांवर चिकटवलेली अक्षरे पुष्कळदा दिसतात. पांढरी एकवर (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर) सा, दोनवर रे, असे सातपर्यंत. मुले दोन दिवसांत अक्षरे ओळखू लागतात आणि वर्ग पुढे सरकतो. वाद आहे तो या चिकटपट्टीचाच, कारण तिने सा एकाच पट्टीला बांधला जातो.

घोटाळा ‘पट्टी’ या शब्दापासून सुरू होतो. बोटाने दाबतो ती पट्टी, आणि गाणारा ज्या उंचीवर सा धरतो तीही पट्टी. ‘माझी पट्टी काळी चार’ असे बाई म्हणतात ते दुसऱ्या अर्थाने. दुसरीतली मुले पहिला अर्थ घेतात, काहींच्या डोळ्यांपुढे तर कंपासमधली पट्टी येते. आपल्या संगीतात सा गळ्याप्रमाणे सरकतो आणि बाकीचे सहा स्वर त्याच्यापासूनच्या अंतराने ठरतात. ही गोष्ट एकदा चुकली की पुढे शुद्ध-कोमल (मूळ स्वर आणि त्याचे उतरवलेले रूप) समजावताना सगळेच अडते: ‘काळी पट्टी म्हणजे कोमल’ ही समजूत पाचवीपर्यंत टिकते.

तंबोऱ्यावर हा प्रश्न नव्हता. तारा गळ्यानुसार चढवायच्या किंवा उतरवायच्या. पेटी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, नाटकांतून आणि भजनांतून गावोगाव पोचली आणि शाळेतही शिरली. तिच्यातून मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) निघत नाही, श्रुती (स्वरांमधली बारीक अंतरे) सापडत नाहीत, या आक्षेपांमुळे नभोवाणीने १९४० मध्ये तिला दूर ठेवले. ही बंदी १९७१ पासून सैल झाली. शाळेच्या पेटीला मात्र या वादाची झळ लागली नाही. रोज सुरात लावावी लागत नाही, हा तिचा गुण चाळीस मुलांच्या वर्गात मोठाच आहे.

दुसरी गुंतागुंत लेखनाची. महाराष्ट्रात दोन स्वरलेखन पद्धती शेजारी शेजारी चालत आल्या. एका पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब म्हणजे तार (वरचे) सप्तक, दुसरीत तेच टिंब मंद्र (खालच्या) सप्तकाचे. एकीत शून्य म्हणजे तालातली ‘खाली’ (टाळी नसलेली जागा), दुसरीत शून्य म्हणजे अर्धी मात्रा. संगीताच्या ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’ परीक्षांना बसलेले शिक्षक आपापली पद्धत घेऊन वर्गात येतात. बदली झाली की त्याच फळ्यावर त्याच टिंबाचा अर्थ उलटतो. तिसरीपर्यंत टिंबे लिहूच नयेत, हे आमचे स्पष्ट मत.

ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची. त्याआधी ऐरोली, घणसोली, तुर्भे या गावठाणांतल्या सरकारी शाळा जिल्हा परिषदेच्या होत्या. घरात धवला (लग्नातली पारंपरिक गाणी) गाणारी आजी असलेली मुले तिथे बसत. धवला गाणारी धवलारीण पेटी घेत नाही. ती उचलेल त्या उंचीवर मागच्या बायका सूर धरतात. सरकता सा कानावर पडून आलेली ही मुले. त्यांना पांढरी एकला बांधणे ही शिकवण्यातली मागची पायरी होती, असेच म्हणावे लागते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अर्धवेळ निदेशक दिले, तेही सहावी ते आठवीसाठी आणि त्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर. पहिली ते पाचवीत गाणे वर्गशिक्षकाकडेच राहिले. ज्यांनी कधी पेटी धरली नाही त्यांना अक्षरे चिकटवण्याचा आधार वाटला, यात त्यांचा दोष नाही. २०२०-२१ मध्ये वर्ग फोनवर गेले आणि फोनमधल्या कीबोर्डने उरलेसुरले ठरवून टाकले: सा म्हणजे पांढरी एक.

याची किंमत परिपाठात कळते. सहा ते आठ वर्षांच्या मुलांचा सहज गळा मधल्या सप्तकात पांढरी दोन ते पांढरी सहा एवढाच चालतो. बाईंनी आपल्या काळी चारवर प्रार्थना धरली की खालचे स्वर मुलांना लागत नाहीत, ती नुसती बोलतात. गुरुजी खर्जात गेले की निम्मा वर्ग गुरगुरतो. राष्ट्रगीताला मंद्र निषादापासून (नि) तार षड्जापर्यंतची (सा) जागा लागते. सा फार वर धरला तर शेवटाकडच्या तार सा वर ओरडा होतो, आणि ओरडण्यालाच मोठ्याने गाणे समजले जाते.

कीबोर्डवरचे ट्रान्सपोझचे बटण हा उपाय सुचवला जातो. दोन घर वर केले की सा पांढरी एकवरच राहतो आणि ऐकू पांढरी दोनचा येतो. पण हे मूल शेजारच्या पेटीवर बसले की त्याचे हात आणि कान भांडतात.

त्यापेक्षा सरकती पुठ्ठ्याची पट्टी बरी. एका पांढरी एकच्या डाव्या कडेपासून पुढच्या पांढरी एकच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर मोजा, त्याचे १२ सारखे भाग करा आणि तेवढेच एक तेरावे घर जोडा. घरे १, ३, ५, ६, ८, १०, १२, १३ यांत सा रे ग म प ध नि सां लिहा. उरलेली कोरी ठेवा. पहिले घर पांढरी दोनवर आणले की ग काळी तीनवर जातो आणि प पांढरी सहावर. काळ्या पट्टीवरचा शुद्ध ग मुलांना इथेच दिसतो. पुठ्ठा पट्ट्यांच्या मागच्या टोकाशी, काळ्या-पांढऱ्या एका रांगेत येतात तिथेच धरायचा. पुढे ओढला की पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी जास्त असल्याने चौथ्या-पाचव्या घरापासून अक्षरे घसरतात.