लिनक्समुळे ओएलईडी स्क्रीन जळते का?

‘ओएलईडी स्क्रीनच्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकले, की स्क्रीन जळते’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. वस्तुस्थिती अशी, की या स्क्रीनमधला प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि जितका वेळ, जितका प्रखर उजळेल तितका झिजतो. त्यामुळे दिवसभर एकाच जागी थांबलेली पांढरी पट्टी कोणत्याही सिस्टीममध्ये डाग पाडू शकते; यालाच स्क्रीन ‘जळणे’ म्हणतात. नांदेडला घरी मी लिनक्स टाकण्याआधीच, खोलीत अंधार करून, करडे चित्र फुलस्क्रीन लावून पाहिले, तेव्हा तळाशी जुन्या टास्कबारची पुसट सावली स्पष्ट ओळखू आली.

लिनक्सच्या केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये पॅनल, म्हणजे टास्कबारसारखी पट्टी, सेटिंगमधूनच आपोआप लपवता येते. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये वरची पट्टी लपवण्यासाठी वेगळे एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) लागते, म्हणून मी प्लाझ्मा सुचवेन. शुद्ध काळ्या वॉलपेपरवर पिक्सेल बंदच राहतात. ब्राइटनेस कमी ठेवावा आणि ५ मिनिटांनी स्क्रीन बंद होऊ द्यावी.